धक्का न देणारं धनुष्य

बसलात का सगळे? त्या कोपऱ्यातल्यांनी चुळबुळ थांबवा बघू. तर बाळांनो, एका जंगलात एक वाघ राज्य करत होता आणि राज्य करताना त्याचे फार हाल होत होते.

त्याचं नाव दुर्जयराव महाराज. मिशा भरघोस, पोट त्याहून भरघोस.

त्या जंगलाची एक रीत होती. दर चैत्री पौर्णिमेला महाराजांनी टेकडीवर उभं राहायचं आणि एक बाण सोडायचा. बाण जिथे पडेल तिथपर्यंत राज्य. मग तेवढ्याच अंतरावर टेकडीभोवती गोल दगड मांडायचे. दगडांच्या आतलं सगळं महाराजांचं. बाहेरचं कुणाचं? ते विचारायचं नाही. बाहेरच्यांचं.

किती सोपं! लढाई नको, भांडण नको. एक बाण मारला की वर्षभर झोपायला मोकळे.

बाण मारायचं धनुष्य करायचा कुशाबा अस्वल. टेकडीखालच्या ओढ्याकाठी त्याची गुहा होती. गुहेत तो, त्याची बायको येसूबाई आणि गुहेमागे एक मोहोळाचं झाड. कुशाबा धामणीच्या लाकडाचं धनुष्य करायचा. धामण चिवट. वाकते, पण मोडत नाही. कुशाबाचा बाण दरसाल नदी ओलांडून जायचा, आणि त्याचा कुशाबाला भारी गर्व होता. "माझ्यासारखं धनुष्य कुणी करून दाखवलं तर मी मध खायचं सोडीन," असं तो येता-जाता सांगायचा. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगायचा.

या वर्षी त्याला हुक्की आली. त्याने धनुष्याच्या दोन्ही टोकांना वाघाची तोंडं कोरली. चांगली नारळाएवढी. दात, जीभ, मिशा, सगळं साग्रसंगीत. मग स्वतःच त्या मिशांकडे बघत बसला आणि "वा, कुशाबा, वा!" म्हणाला.

पौर्णिमेआधी तालीम असते. महाराजांनी दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली. बाण सूं करत गेला. पण त्याच क्षणी धनुष्याने मुठीत असा काही धक्का दिला, की महाराजांचा पंजा बधिरला, कोपर झणझणलं, खांदा हलला आणि मागची एक दाढसुद्धा हलली.

"अगं आई गं!" महाराज ओरडले.

बाळांनो, महाराज असं ओरडत नसतात. म्हणून दिवाण चिंतोपंत कोल्हे यांनी लगेच जाहीर केलं की महाराजांनी देवीचा धावा केला. सगळ्यांनी हात जोडले.

महाराजांनी पंजा काखेत दाबून हुकूम सोडला, "पौर्णिमेला मला पुन्हा धक्का बसला तर या कुशाबाला हद्दपार करा! बायकोसकट! गुहा आणि मोहोळ इथेच राहील."

कुशाबा त्याच गुहेत जन्मला होता. हद्दीच्या दगडापलीकडे त्याने कधी नाकसुद्धा काढलं नव्हतं.

घरी येऊन त्याने धनुष्य मूठ वर करून खुंटीला अडकवलं. दोरी हळूहळू खाली ओढली आणि एक डोळा मिटून बघितलं. हातात धरल्यावर वर येते ती बाजू झकास वाकत होती. खालची मात्र ताठ. इथेच तर ग्यानबाची मेख होती! दोन्ही बाजूंनी एकत्र वाकायचं असतं आणि एकत्र परतायचं असतं. एक आधी परतली आणि एक मागे राहिली, की त्यांची ओढाताण मुठीला सोसावी लागते. त्यात टोकांना ही नारळाएवढी तोंडं. बाण निघून जातो, पण तोंडं जोरात येऊन थांबतात आणि सगळा हिसका हाताला बसतो.

उपाय सोपा होता. खालच्या बाजूचं पोट, म्हणजे दोरीकडचं अंग, जरासं तासायचं आणि ती तोंडं उतरवायची.

"मिशा!" कुशाबा कळवळला. मग त्याने गुहेकडे बघितलं. "गेल्या खड्ड्यात मिशा," तो म्हणाला आणि शिंपल्याच्या धारेने खालची बाजू खरवडायला बसला. पातळ पातळ भुगा पडायला लागला.

"थांब!"

दारात चिंतोपंत उभे होते. त्यांच्याबरोबर शेंडेराव वानर आणि बिळोबा साळिंदर. शेंडेराव हा झाडांवर राहणाऱ्या वरच्यांचा पुढारी. बिळोबा हा बिळांत राहणाऱ्या खालच्यांचा पुढारी. या दोघांना विचारल्याशिवाय त्या जंगलात पानही वाळत नसे.

बिळोबाचे काटे उभे राहिले होते. "खालचीच बाजू तासतोस? दर वेळी खालच्यांचंच का तासायचं?"

"अहो, खालची बाजू ताठ आहे," कुशाबा म्हणाला.

"ऐकलंत दिवाणजी? खालचे जरा कुठे ताठ झाले, की घातली यांनी धार!"

"आमचे वरचे बघा," शेंडेराव छाती फुगवून म्हणाला. "कसे समजूतदारपणे वाकतात."

चिंतोपंतांनी शेपटीवर हनुवटी टेकून विचार केला. विचार करताना ते नेहमी असेच बसत. "महाराजांच्या राज्यात पक्षपात नाही," ते म्हणाले. "खालून जेवढं तासशील, तेवढंच वरूनही तासायचं."

"पण वरची बाजू चांगली आहे हो!" कुशाबा म्हणाला.

"आमचं का म्हणून तासायचं?" शेंडेराव ओरडला.

"आता कसं झोंबलं!" बिळोबा म्हणाला.

"कुशाबा, तू लाकूड बघ. न्याय आम्ही बघतो," चिंतोपंत म्हणाले.

मग काय! कुशाबाने खालून चार हात मारले, की वरूनही चार हात मारायचे. दोन्ही पुढारी भुग्याच्या ढिगांशी बसलेले. बिळोबा वरचा ढीग हुंगायचा, शेंडेराव खालचा. पुन्हा खुंटीला अडकवून बघितलं तर खालची बाजू वरचीपेक्षा होती तेवढीच ताठ. पुन्हा खालून तासलं. पुन्हा वरून तासलं. फरक होता तिथेच राहिला, फक्त लाकूड संपत चाललं.

"बरं, निदान ही तोंडं तरी उतरवू द्या," कुशाबा काकुळतीला आला. "खरा हिसका त्यांचाच आहे."

चिंतोपंतांचे कान ताठ झाले. "महाराजांचं मुंडकं कापणार? आणि एक नाही, दोन-दोन?"

"लाकडाची आहेत हो ती!"

"राजद्रोहाला लाकूड काय आणि कातडं काय, सारखंच."

हसू नका रे. कुशाबाला हसू येत नव्हतं.

तो आत गेला तेव्हा येसूबाई कोपऱ्यात बसली होती. समोर फडकं पसरलेलं, फडक्यात काही नाही.

"अहो, बरोबर काय काय न्यायचं?" तिने विचारलं. "मोहोळ नेता येतं का?"

"नाही येत."

"बाहेर ओढा असेल का हो?"

"असेल की. पाणी काय, सगळीकडे असतं."

"आणि मध?"

कुशाबा उठला. त्याने तिच्या पाठीवर पंजा ठेवला आणि तडक चिंतोपंतांचं घर गाठलं.

"दिवाणजी, खरं सांगतो. आणखी तासलं तर धक्का बसणार नाही. पण मग बाणही जाणार नाही. ती काडी होईल, काडी! तुमचे पुढारी बाजूला करा. मला फक्त एकीकडून तासू द्या. बाण नदीपार धाडतो."

"कुशाबा, महाराजांचा हुकूम काय आहे?"

"धक्का बसू नये."

"बाणाबद्दल त्यात चकार शब्द आहे का?"

"नाही."

"मग तू कशाला बाणाची काळजी करतोस? बाणाचं बाण बघेल."

कुशाबा परत आला. धामणीचा तो दांडा त्याच्या वडिलांनी तोडून सावलीत वाळत ठेवला होता. वडील गेले, तरी दांडा वाळतच होता. तसं सरळ, गाठ नसलेलं लाकूड कुशाबाने दुसरं पाहिलं नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, शिंपला टाकून द्यावा आणि हद्दपार व्हावं. मग आतून येसूबाईच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

त्याने तासायला घेतलं. खालून, वरून, खालून, वरून. तासता तासता तो रडला. मोठ्याने रडला. दोन्ही पुढाऱ्यांना वाटलं की न्याय झाला म्हणून हा भारावून गेलाय, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पौर्णिमा उजाडली. सगळं जंगल टेकडीवर लोटलं. हद्दीचे दगड मांडणारं म्हातारं कासव आपल्या दगडांच्या गाड्यासह नदीपलीकडे जाऊन थांबलं होतं. आदल्या आठवड्यातच निघालं होतं बिचारं.

महाराजांनी धनुष्य उचललं. दोन्हीकडची वाघाची तोंडं खाली लोंबत होती. महाराजांनी दोन नखांनी दोरी ओढली, डोळे घट्ट मिटले, दात आवळले आणि दोरी सोडली.

फुस्स.

बाण महाराजांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडला आणि तिथेच आडवा झाला.

महाराज अजून डोळे मिटूनच होते.

"बसला का धक्का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही महाराज," चिंतोपंत म्हणाले.

महाराजांनी एक डोळा उघडला. पंजा हलवून बघितला. जिभेने दाढ चाचपली. "अहाहा!" ते म्हणाले. "याला म्हणतात धनुष्य! कुशाबा, शाबास! तुझी हद्दपारी रद्द!"

सगळ्यांनी जयजयकार केला. शेंडेराव आणि बिळोबा गळ्यात गळे घालून नाचले. बिळोबाचे काटे टोचत होते, तरी शेंडेराव नाचला.

मग कासवाला निरोप गेला. ते परत येईपर्यंत सगळे ताटकळत उभे होते. आल्यावर त्याने बाणाकडे बघितलं, महाराजांकडे बघितलं आणि मान आत ओढून म्हणालं, "रीत म्हणजे रीत." मग त्याने महाराजांच्या दोन पायांभोवती गोल दगड मांडले. गाड्यातले बाकीचे दगड गाड्यातच राहिले.

चिंतोपंतांनी आपली शेपटी तेवढी दगडांच्या आत ठेवली. म्हणजे नोकरी चालू राहिली.

"आटोपशीर झालं," महाराज म्हणाले. "केवढा तो पसारा होता! तक्रारी, भांडणं, माझ्या डोक्याला नुसता ताप. आता एक हरीण आणा. भूक लागली."

"महाराज," चिंतोपंत खाकरले, "हरणं आता परदेशात गेली."

एक हरीण तिथेच उभं होतं. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि निवांत चरायला लागलं.

कुशाबा टेकडी उतरून घरी आला. येसूबाई गाठोडं घेऊन दारात बसली होती.

"झाली का हो हद्दपारी?"

"रद्द झाली."

"देव पावला गं बाई!" येसूबाईने गाठोडं भिरकावून दिलं. "मग तोंड का असं पाडलंय?"

"राज्य तिकडे वर राहिलं. महाराजांच्या पायाखाली मावेल एवढं," कुशाबा म्हणाला. "आपण सगळेच बाहेर आलो."

"पण गुहा आपलीच ना?"

"गुहा आपलीच."

"आणि मोहोळ?"

"तेही आपलंच." कुशाबा मटकन खाली बसला. "येसू, माझ्या बापाचं लाकूड होतं गं ते. हद्दीत राहता यावं म्हणून मी त्याची काडी केली. आणि आता हद्दच नाही."

येसूबाई त्याच्याजवळ येऊन बसली. तिला धनुष्यातलं काही कळत नव्हतं, पण नवरा कळत होता.

तात्पर्य : धक्का राज्याला बसला तर हरकत नाही, राजाच्या हाताला बसता कामा नये. तसंच, दोन्ही बाजूंना नेहमी सारखं तासावं. काम बिघडतं, पण तक्रार करायला कुणी राज्यात उरत नाही. उठा आता, आणि चटया नीट गुंडाळून ठेवा.