पदवीधर सर आणि पाणीवाल्या वेंकूबाई

ही हकीकत १९९६ सालची. त्या वर्षी तंजावुरात चौकाचौकात कॉम्प्युटर शिकवणारे क्लास निघाले, घरोघरी केबल आली आणि कुठलीही गोष्ट करायला आधी तिचं शिक्षण घ्यावं लागतं, असा शोध लागला. राजवाड्यामागच्या मुलींच्या शाळेला तो परिपत्रकाने कळला: "यापुढे शालेय संघास मार्गदर्शन करणारी व्यक्ती शारीरिक शिक्षणाची पदवीधर असावी. अन्य व्यक्तीच्या मार्गदर्शनाने मिळालेला विजय अवैध समजण्यात येईल. पराभव वैध राहील."

वेंकूबाई त्या शाळेत आया होत्या. घंटा देणं आणि पाणी भरणं हे त्यांचं नेमणुकीचं काम. संध्याकाळी पदर खोचून मुलींना थ्रोबॉल शिकवणं हे बिननेमणुकीचं. पहिलं काम शाळेच्या लक्षात राहत नसे. दुसऱ्या कामाच्या, पंधरा वर्षांत जिंकलेल्या अकरा ढाली मात्र मुख्याध्यापिकांच्या खोलीत ओळीने लावलेल्या होत्या. वेंकूबाईंचं स्वतःचं शिक्षण आठवी.

"मग पदवी घेऊन या की!" मुख्याध्यापिका विशालाक्षी मॅडम म्हणाल्या. बाजारातून कढीलिंब आणायला सांगावं, तितक्या सहज.

वेंकूबाई खरंच शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेल्या. खिडकीत नटराज नावाचा कारकून होता.

"बारावी पास?"

"आठवी."

"जिल्ह्याच्या पातळीवर खेळल्याचा दाखला? पदवीधर मार्गदर्शकाची सही हवी."

"माझी मार्गदर्शक मीच."

"वय?"

"बावन्न."

नटराजने पेन खाली ठेवलं. "अय्यो, अम्मा! पंचवीसच्या पुढे प्रवेश नाही."

"पंचविसाव्या वर्षी मला खेळ कुठे येत होता? आता येतो."

"येतो की नाही, त्याला फॉर्मात रकाना नाही."

वेंकूबाईंनी हे हसून सोडून दिलं असतं. पण प्रश्न भाचीचा होता. धाकट्या भावाची, तुळजारामची, मुलगी जयलक्ष्मी बारावीत होती आणि संघाची कप्तान होती. गुण बेताचे. बी.ए.च्या कॉलेजात खेळाडूंसाठी दोन जागा होत्या. अट अशी, की संघ जिल्ह्यात पहिला हवा आणि दाखल्यावर पदवीधर मार्गदर्शकाची सही हवी. तुळजारामने सांगून टाकलं होतं, "जागा मिळाली तर कॉलेज. नाहीतर तिरुचीचं स्थळ आलंय, मी हो म्हणणार."

महिन्याभरात पापनाशमहून पदवीधर सर आले. सुब्रह्मण्य. माणूस गोड, चष्मा जाड. चेंडू अंगावर आला की आधी चष्मा सांभाळायचे. त्यांनी मुलींना वर्गात बसवून मैदानाची आकृती काढायला लावली. चेंडू पाचव्या धड्यात होता, म्हणून तोपर्यंत तो कपाटात कुलूपबंद राहिला. सरावाच्या सामन्यात संघ पंधरा-तीनने हरला. परिपत्रकाप्रमाणे तो पराभव संपूर्णपणे वैध होता.

त्या दिवशी सर पाण्याच्या टाकीपाशी आले.

"अक्का, मला या खेळाचं सगळं येतं. फक्त खेळ येत नाही."

"मग सही तुम्ही करा, ओरडते मी," वेंकूबाई म्हणाल्या.

चेंडू कपाटाबाहेर आला.

अंतिम सामन्याच्या दिवशी पंचांनी नियम वाचला: रेषेपाशी फक्त पदवीधर मार्गदर्शक आणि पाणी देणारी एक व्यक्ती. पाणी देणारीने पाण्याखेरीज अन्य विषयावर बोलू नये. वेंकूबाई कळशी आणि पेला घेऊन उभ्या राहिल्या.

आता या संघाची एक खोड होती. सातांतल्या चौघी पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घरातल्या. घरी मोठी माणसं मराठीत बोलायची, या तमिळमध्ये उत्तर द्यायच्या. मराठी बोलायला सांगितलं की लाजायच्या, पण समजायचं सगळं. उरलेल्या तिघी वेंकूबाईंच्या ओरडण्यावरच मराठी शिकल्या होत्या. पंच मात्र पक्के तमिळ.

"जया, मागल्या कोपऱ्यात टाक गे! ती उंच बाई हलत नाही!" वेंकूबाईंनी पेला उंच धरून आरोळी दिली. चेंडू मागल्या कोपऱ्यात पडला.

"काय म्हणते ही?" पंचांनी विचारलं.

सरांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण पदवीधर माणूस, उत्तर तयार होतं. "तहान कुणाला लागलीय, ते विचारते."

"आखूड टाक, आखूड! जाळीपाशी कोणी नाही!"

"आणि आता?"

"पाणी गार आहे म्हणते."

"इतका वेळ?"

"ऊन फार आहे, सार."

संघ पंधरा-अकराने जिंकला. मुलींपैकी एकही घोटभर पाणी प्यायली नव्हती. पंचांनी अहवालात शेरा मारला: "मार्गदर्शन शास्त्रशुद्ध. पाण्याची व्यवस्था अनुकरणीय."

तो शेरा वरच्या कार्यालयाला फार आवडला. पुढच्या वर्षी परिपत्रक निघालं: पाणी देणाऱ्या व्यक्तीने तीन महिन्यांचा प्रशिक्षणक्रम पूर्ण केलेला असावा. वयाची अट टाकायची राहून गेली. त्रेपन्नाव्या वर्षी वेंकूबाई पहिल्या वर्गात पास झाल्या. तोंडी परीक्षेत त्यांना विचारलं होतं, पेला कोणत्या हातात धरावा.

नटराज हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला. विशालाक्षी मॅडमना आदर्श शाळेचं बक्षीस मिळालं. भाषणात त्यांनी परिपत्रकाचे आभार मानले. सुब्रह्मण्य सर प्राध्यापक झाले, आणि दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना घेऊन वेंकूबाईंच्या पाया पडायला येत राहिले. तिरुचीच्या मुलाचं लग्न कुंभकोणमच्या मुलीशी झालं आणि सुखाचं झालं. जयलक्ष्मीने बी.ए. केलं, मग खेळाची पदवी घेतली, आणि आज ती त्याच शाळेत मराठीत ओरडते. वेंकूबाई ऐंशीच्या आहेत. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि भाचीच्या चुका काढतात.

परवा एका मुलीची आई आली. वेंकूबाईंकडे बोट दाखवून तिने जयलक्ष्मीला विचारलं, "या मध्ये मध्ये सांगतात, त्यांचं क्वालिफिकेशन काय?"

हसलात ना त्या बाईला? मग गेल्या मे महिन्यात नातवाला पोहायला घातलंत तेव्हाचं आठवा. भिंतीवरची पोहण्याच्या सरांची चारही प्रमाणपत्रं तुम्ही चष्मा लावून वाचलीत. सरांना पाण्यात उतरलेलं पाहिलंत का?