खंबीरराव राजियांनी संगणक बांधिला आणि पडदा उजळेना, त्याचे वर्तमान

श्रीसूर्यनारायणास नमन करोन, जे डोळां देखिले तेवढेच लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एक राज्य होते, त्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. तेथे राजे खंबीरराव राज्य करीत होते. त्यांच्या मातुश्री आईसाहेब, आणि आईसाहेबांची धाकटी बहीण शेवंताबाई समुद्रापार लेकीकडे राहत होती. कोण्या लग्नात मानाची साडी हलकी निघाली म्हणोन दोघींत अबोला पडला, तो बहुत वर्षे चालला. ऐशियात खबर आली की शेवंताबाईंचे हृदयाची शस्त्रक्रिया पंचमीस ठरली, आणि चतुर्थीचे दोन प्रहरी त्या बोलावयास राजी आहेत. आईसाहेबांची नजर अधू. त्या म्हणाल्या, "मोबाइलात मला तिचं नाकसुद्धा दिसत नाही रे. तोंड दिसेल असं काहीतरी कर." राजवाड्यातील जुना संगणक जळाला होता, डिस्क मात्र शाबूत होती. मग राजियांनी नवे सामान मागविले, आणि ती डिस्क घालोन, कोणास हात लावू न देता, स्वहस्ते संगणक बांधिला. आणि राणीसाहेबांचे धाकटे बंधू सर्जेराव यांनी मोठा थोरला मॉनिटर नजर केला.

चतुर्थीस सकाळी दरबार भरला. राजियांनी बटण दाबिले. पंखे फिरो लागले, तांबडे हिरवे दिवे लागले, लोकांनी जयजयकार केला, आणि पडदा काळाच राहिला. राजे म्हणाले, "सर्जेराव, तुमचा पडदा मेलेला निघाला." सर्जेराव म्हणाले, "पडदा जिवंत आहे, दाजी. पेटीतून काही येईल तर दाखवील ना!" तत्क्षणी दरबारात दोन तट पडले, एक पेटीकडील, एक पडद्याकडील. राणीसाहेब नवरा आणि भाऊ यांचे मध्ये बसोन विडा लावीत होत्या, त्यांनी चुना दोनदा लाविला. राजज्योतिषी म्हणाले, यंत्राचे तोंड दक्षिणेस आहे. मग यंत्र पूर्वेस फिरविले, आणि पडदा पूर्वेसही काळाच. मग सर्जेरावांनी राणीसाहेबांच्या महालातून टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणविला आणि त्याच केबलीने मॉनिटरास जोडिला, तो पडद्यावर मालिका चालू जाहली, आणि तमाम दरबार आपले काम विसरोन सासूचे कारस्थान पाहत बसला. सर्जेरावांनी मिशीस पीळ दिला. राजियांचे तोंड उतरले.

मग सर्जेराव केबल परत लावावयास पेटीचे मागे गेले, तो कळले की ती आधी मदरबोर्डात खोवलेली होती, आणि चित्र दाखवावयाचे खरे कार्ड खाली रिकामे. केबल तेथे लाविली. तरी काळाच. तेव्हा राजियांचा धीर सुटला आणि ते गर्जले, "या पेटीचा कडेलोट करा!" पहारेकरी पेटी उचलावयास वाकले, इतक्यात आईसाहेब काठी टेकीत आल्या. "कडेलोट कसला? आधी शेवंता दाखव, मग काय फेकायचं ते फेक!" पहारेकरी मागे सरले.

मग सर्जेराव पोटावर पडोन, विजेरी धरोन, पेटीत डोकावले, आणि मदरबोर्डावर रॅमजवळ एक बारीक तांबडा दिवा जळत होता तो त्यांनी पाहिला.

"ही रॅम कोणी बसवली?"

"खासा आम्ही."

"बसली नाही दाजी, नुसती टेकली आहे."

राजे जवळ सरोन हळूच बोलिले, "दाबताना कड्कन वाजलं हो. मोडेल म्हणून हात काढला."

"वाजायलाच पाहिजे. अहो, एके काळी भर पुरात घोडा घातलात तुम्ही, आणि एवढ्या आवाजाला भ्यालात!"

"घोडा माझा होता. हे आईचं काम आहे."

सर्जेराव यावर हसले नाहीत. त्यांनी वीज बंद केली, तार काढिली, आणि रॅमचे एक टोक आपण धरिले, दुसरे राजियांस दिले. राजियांनी डोळे मिटिले आणि दोघांनी अंगठे रोविले, तो खट् ऐसा आवाज जाहला. मग वीज लाविली. तरी पडदा काळा. राजियांचा हात पुन्हा बटणाकडे गेला, तो सर्जेरावांनी मनगट धरिले. "थांबा. पहिल्यांदा वेळ घेतं ते." आणि मग पडद्यावर शुभ्र अक्षरे उमटली की, कीबोर्ड जोडिलेला नाही. एवढी तक्रार वाचोन दरबारात ऐसा आनंद जाहला की राजियांनी मेहुण्यांस सर्वांदेखत मिठी मारिली.

मग कीबोर्ड आणि कॅमेरा जोडिला, आणि दोन प्रहरी शेवंताबाई इस्पितळातील खाटेवर बसलेल्या दिसल्या, तोंड परातीएवढे. मग त्या म्हणाल्या, "ताई, किती वाळलीस गं!" आईसाहेबांनी काचेवरोन हात फिरविला आणि म्हणाल्या, "मला मेलीला काय झालंय? तू जेवलीस का?" मग दोघी रडो लागल्या. राजे आणि सर्जेराव जोडे हाती घेवोन बाहेर आले.

येणेप्रमाणे राज्यात पडदा उजळला. पंचमीस शस्त्रक्रिया होवोन शेवंताबाईंस आराम पडला. हल्ली उभय भगिनी नित्य दोन प्रहरी पडद्यावर बसतात, आणि लोणच्यात मोहरी किती घालावी यावरोन कडाक्याने भांडतात. राज्यात सर्व क्षेम आहे.