गुप्ते बाईंचा अठ्ठावीस मिनिटांचा तास

गुप्ते बाई माणसांना वरून ओळखतात. आपण चेहरा बघतो, त्या भोवरा, टक्कल आणि भांग बघतात. परवा माझ्या दुकानात आल्या, काउंटरवर काठी आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "संजय, मागच्या दिवाळीत रुपयाएवढं होतं. आता बशीएवढं झालंय."

मी नकळत डोक्यावर हात ठेवला.

"झाकून काय उपयोग? माझ्याकडे दोन्ही फोटो आहेत."

"बाई, तुम्ही माझे फोटो कशाला काढता?"

"मी नदीचे काढत होते. तू स्वतः गच्चीवर येऊन हात हलवत उभा राहिलास."

ते खरं होतं. आमच्या आळीत बाईंचं ड्रोन वर गेलं की निम्मी आळी गच्चीवर येऊन हात हलवते आणि उरलेली निम्मी आत जाऊन खिडक्या लावते. बाई मात्र त्याला ड्रोन म्हणत नाहीत. त्या त्याला यंत्र म्हणतात.

कर्जतला माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. बाईंनी मला आठवी ब मध्ये भूगोल शिकवला. लहानपणी आलेल्या तापात त्यांचा डावा पाय अधू झाला, तेव्हापासून काठी आहे. लग्न केलं नाही. दुकानामागच्या बैठ्या घरात एकट्या राहतात. वर्गात त्या उल्हास नदी रांगोळीने जमिनीवर काढायच्या, तिला पेज आणि चिल्हार येऊन मिळायच्या, आणि ज्याचा पाय चुकून नदीत पडेल त्याने सगळं पाणलोट क्षेत्र पुन्हा काढायचं असा नियम होता. कोणी काहीही थाप मारली तरी त्यांचं एकच उत्तर असे, "नकाशा काढून दाखव." जोशीची वही कुत्र्याने खाल्ली तेव्हा त्याला कुत्र्याच्या मार्गाचा नकाशा काढावा लागला होता.

निवृत्त झाल्यावर बाई भजनी मंडळात जातील असं आळीचं मत होतं. त्यांनी कुरिअरने ड्रोन मागवलं. खोकं माझ्याच दुकानात आलं आणि माझ्याच कात्रीने उघडलं. आत चार पंखांचं, तळहातावर मावेल एवढं करड्या रंगाचं यंत्र होतं. बाईंनी आधी माहितीपुस्तिका काढली, चष्मा लावला आणि अधोरेखित करत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. नंतर उड्डाणाच्या नियमांच्या तीन झेरॉक्स घेतल्या. एक घरात, एक पर्समध्ये आणि एक, मागायच्या आधीच, पोलीस ठाण्यात.

त्यांचं उड्डाण बघण्यासारखं असतं. मोटरमध्ये धूळ जाऊ नये म्हणून यंत्र अंगणात पाटावर ठेवतात. जेवायला पाहुणा बसवावा तसं ते बसलेलं असतं. मग वहीत वाऱ्याची दिशा लिहितात. मग आळीला ऐकू जाईल असं सांगतात, "यंत्र वर जातंय. ज्यांना दिसायचं नाही त्यांनी आत जावं." पडद्यावर ऊन येतं म्हणून जवळ असेल त्याच्या हातात काळी छत्री देतात. बॅटरी अठ्ठावीस मिनिटं चालते, त्याला त्या तास म्हणतात. "दुसऱ्या तासाला पेजेच्या काठाने जाऊ," असं त्या म्हणाल्या की नवा माणूस घड्याळ बघतो.

सुरुवातीला यंत्र दोनदा शेजारच्या आंब्यात अडकलं. एकदा घार मागे लागली. बाईंनी यंत्र घाईघाईने उतरवलं, ती घारही खाली विजेच्या खांबापर्यंत आली आणि बसली. बाई तिच्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुझा वर्ग वेगळा आहे. जा." घार थोडा वेळ थांबून गेली. आळीत अजूनही काही लोकांना वाटतं की ती बाईंना घाबरली.

आम्हाला हे सगळं म्हातारपणाचं खूळ वाटत होतं. मग भोईरमामा आले.

भोईरमामा शेलूकडच्या एका गावातले, भातशेती करणारे. भात कापून झालं होतं तेव्हाची गोष्ट. ते तक्रारअर्जाच्या पाच प्रती काढायला दुकानात आले. अर्ज काशिनाथ ठोंबऱ्यांच्या विरुद्ध होता. ठोंबऱ्यांचं खाचर वरच्या अंगाला, मामांचं खालच्या. सलग दोन वर्षं मामांच्या खाचरात पाणी तुंबून रोपं कुजली होती.

"काश्या राती बांध फोडतो," मामा म्हणाले. "मना ठाव हाय."

"त्यांना फोडताना पाहिलंत?" कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या बाईंनी विचारलं. त्या प्रिंटची वाट बघत होत्या.

"पाहिला नाय. पन दुसरा कोन फोडंल?"

"वरून बघितलंय का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रती मोजायला लागलो.

"वरून कसा बगनार, बाय? आमी काय पाखरं हाव?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, बाई, मामा, काठी, पाट, छत्री आणि यंत्र असे रिक्षाने मामांच्या बांधावर पोचलो. वाटेत मामांनी मला हळूच सांगितलं, की ते आणि काशिनाथ एका बाकावर शिकले, एकमेकांच्या लग्नात नाचले, आणि आता दोन वर्षं बोलत नाहीत. हे सांगताना त्यांचा आवाज बांध फुटल्याचं सांगतानाच्या आवाजापेक्षा जड होता.

यंत्र वर गेलं तसे वरच्या खाचरातून काशिनाथ ठोंबरे तरातरा खाली आले. उंच, किडकिडीत माणूस, हातात कोयता. त्यांना वाटलं चोरून मोजणी चालली आहे.

"कोनाच्या परवानगीनं चाललंय ह्ये?"

बाईंनी पर्समधून झेरॉक्स काढून त्यांच्या हातात दिली. "वाचून होईपर्यंत छत्री धरा. आणि तो कोयता खाली ठेवा, सावली हलते."

ठोंबऱ्यांनी कोयता ठेवला आणि छत्री धरली. भूगोलाच्या बाईंचा आवाज असा असतो की माणूस पन्नाशी ओलांडून गेला तरी हात पुढे करतो.

छत्री लहान होती. पडदा बघायचा तर छत्रीखाली यायला हवं, आणि मामांनाही बघायचं होतं. थोडा वेळ ते उन्हात मान लांब करून उभे राहिले. मग एक पाऊल आत आले. मग अजून एक. शेवटी दोघांची डोकी एकमेकांना टेकली आणि दोघेही पडद्याकडे बघायला लागले.

"हे तुमचं खाचर. हे तुमचं. हा बांध. कुठे फुटलेला दिसतोय?"

बांध सरळ, अखंड होता.

"आता हे बघा." बाईंनी यंत्र आणखी वर नेलं. कापणीनंतरच्या पिवळ्या शेतांमधून एक हिरवट पट्टा वाकडातिकडा येत होता. जमिनीवरून तो कुणाच्याच लक्षात आला नसता. "इथे ओल आहे, म्हणून गवत हिरवं राहिलंय. हा ओढा होता. आठवतोय?"

"आमी पोहायचो ना त्यात," ठोंबरे म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

"खेकडं धरायचो," मामा म्हणाले.

पट्टा दोन्ही शेतांच्या कडेने खाली जात होता आणि एका लाल मुरुमाच्या रस्त्याला धडकून संपत होता. बंगल्यांच्या नव्या प्लॉटिंगसाठी टाकलेला तो भराव दोन वर्षांपूर्वीचा. रस्त्याच्या पलीकडे ओढा कोरडा होता. पाण्याला जायला वाटच ठेवली नव्हती, म्हणून ते मागे फुगून सगळ्यात सखल खाचरात शिरत होतं. सखल खाचर मामांचं.

पंखांची घरघर तेवढी वरून येत होती.

"काश्या," मामा म्हणाले, "तू सांगायचं ना रं, मी नाय फोडला म्हनून."

"सांगितला तर. तू आयकलास?"

"तास संपला," बाई म्हणाल्या आणि यंत्र पाटावर उतरवलं.

मी त्या फोटोची मोठ्यात मोठी प्रिंट काढली. ती घेऊन आम्ही चौघे प्लॉटिंगच्या साइटवर गेलो. तिथला सुपरवायझर तरुण, चांगला मुलगा होता. त्याने खुर्च्या दिल्या आणि सांगितलं की पाण्याची सोय प्लॅनमध्ये आहे. बाईंनी प्रिंट उलटी केली, पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, "नकाशा काढून दाखव. पाणी इथून आलं. आता कुठे जाणार?"

त्याने पेन घेतलं, रस्त्यापर्यंत रेघ आणली आणि थांबला. मी खाली बघितलं. आठवी ब मध्ये त्याच्या जागी मी अनेकदा उभा राहिलो होतो.

पंधरवड्यात जेसीबी येऊन भराव कापला गेला आणि खालून दोन मोठे पाइप टाकले. पुढच्या पावसाळ्यात मामांच्या खाचरात कमरेएवढं भात उभं राहिलं. तक्रारअर्जाच्या पाचही प्रती माझ्या दुकानातच राहिल्या, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अजून हिशेब लिहितो. दसऱ्यानंतर मामा आणि ठोंबरे एकाच मोटरसायकलवर बसून बाईंना नवे तांदूळ द्यायला आले. एकाच पिशवीत दोघांचे. "कोनचे कोनाचे, विचारू नका," ठोंबरे म्हणाले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि जाताना दोघांनाही टकलाबद्दल सूचना केल्या.

त्यानंतरच्या एका रविवारी बाई म्हणाल्या, "सोंडाईला जायचंय. मोकळा आहेस?"

सोंडाई म्हणजे आमच्याकडचा छोटा किल्ला. गाडी सोंडेवाडीपर्यंत जाते, पुढे पायी चढायचं. शाळेची आमची सहल तिथेच जायची. मी वाडीतल्या एका पडवीजवळ गाडी लावली, पाट काढला, छत्री उघडली. बाईंनी यंत्र पिशवीतून काढलंच नाही. पडवीच्या कट्ट्यावर बसल्या.

"तू वर जा," म्हणाल्या. "मी थांबते."

"मी कशाला, बाई? यंत्र आहे की. सगळं दिसतं त्यात."

"दिसतं." त्यांनी काठी मांडीवर घेतली. "तीस वर्षं मी तुमच्या सहली इथे आणल्या. तुम्ही वर जायचात आणि मी ह्याच वाडीत तुमच्या पिशव्या सांभाळत बसायचे. खाली आलात की एकेकाला विचारायचे, वर काय दिसलं? सगळे म्हणायचे, मजा आली."

मला विचारायची भीती वाटली, तरी विचारलं. "मी काय म्हणालो होतो?"

"तू म्हणालास, बाई, भूक लागली."

त्या हसल्या. मी पण हसलो, पण मला नीट हसता आलं नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि जरा वेळ वाकूनच राहिलो.

चढताना चार वेळा थांबलो. शिड्या आल्या तिथे बूट काढून ठेवले, माथ्यावरच्या सोंडाई देवीपर्यंत गेलो, घाम पुसला आणि फोन लावला.

"पोचलास?" पहिल्याच रिंगला उचलला होता.

"पोचलो."

"उत्तरेकडून सुरू कर. घाई करू नकोस."

मी सुरू केलं. माथेरानचा लांब माथा, त्याच्या कड्यांवर पडलेली सावली. मी मध्येच एका सुळक्याचं नाव घेतलं, तो उत्तरेला असूच शकत नाही असं बाईंनी मला खालून सांगितलं, आणि तो खरंच नव्हता. मग पूर्वेला वळलो. कर्जतची घरं, त्यांत आमची आळी शोधली, सापडली नाही असं सांगितलं. उल्हासचं वळण सापडलं. ते रांगोळीतल्यासारखंच होतं, तेही सांगितलं. पलीकडे सह्याद्रीची भिंत, ढाकचा डोंगर. जे दिसेल ते सांगत गेलो. शिडीपाशी दम खात बसलेली एक आजी, तिच्या हातातला नारळ, खडकाच्या फटीत आलेली पिवळी फुलं.

"वारा आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे. भरपूर."

"कसा आहे?"

मला सांगता येईना. मी फोन कानापासून काढला, हात लांब केला आणि तसाच धरून उभा राहिलो. शर्ट अंगाला चिकटत होता, सुटत होता. आजी माझ्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. लाइन तुटली की काय, म्हणून मी पडदा बघितला. तुटली नव्हती.

"बाई?"

"हं," त्या म्हणाल्या. "आता दक्षिण."