कोऱ्या वस्तूंचं क्रियापद

“आज मला काहीतरी करकरीत कोरं वापरायचंय,” काकूंनी सकाळीच जाहीर केलं.

काकांचा घास हातातच राहिला. कारखान्याच्या भांडारातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, तरी नव्या वस्तूंच्या कपाटाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असे.

“कारण?”

“उद्या स्पॅनिशची तोंडी परीक्षा. दोनदा गटांगळ्या खाल्ल्यात, आता तिसऱ्यांदा नापास झाले तर वर्गातून नाव कमी होणार. मला बोलायला ‘एस्त्रेनार’ हे क्रियापद दिलंय. म्हणजे नवी वस्तू पहिल्यांदाच वापरायची, तीही तिच्या सगळ्या कौतुकासकट! बाई म्हणाल्या, पाठ केलेलं नको, केलेलं सांगा.”

“एवढ्या सगळ्याला एकच शब्द?” काकांनी कान टवकारले आणि कपाट उघडलं.

काकूंनी निळा कप उचलला.

“घे बिनधास्त. गळत नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

“आणला त्याच दिवशी चहा प्यायलो की त्यातून. तपासल्याशिवाय माल आत घ्यायचा नसतो.”

कप बाद झाला. छत्री मागितली, तर तिच्याखाली काका शॉवर सोडून उभे राहिलेले. चादरीवर त्यांनी एक दुपार झोप काढलेली.

“आणि या चपला? या तर माझ्या मापाच्या आहेत!”

“टाचा बाहेर राहिल्या. पण दोन फेऱ्या मारल्या.”

काकू मटकन खाली बसल्या. संसारात एवढ्या वस्तू आल्या, पण पहिला मान एकदाही त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्यांना राग आला, रडू आलं आणि मग राहवेनाच.

“छत्रीखाली कसं वाटलं हो?”

काका खुलले. “अगं, कोऱ्या कापडावर पहिला थेंब पडतो ना, त्याचा आवाजच निराळा!”

काकूंनी वही ओढली. दुपारपर्यंत काका सांगत होते आणि काकू लिहून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी परीक्षेत त्या नवऱ्याबद्दल अकरा मिनिटं बोलल्या.

आठवड्याने निकालाचं पाकीट आलं. काकांनी ते काकूंच्या हातात ठेवलं. काकूंनी उलटसुलट करून पाहिलं.

“उघडलं नाहीत?”

“हात शिवशिवत होते. पण म्हटलं, हे तू एस्त्रेनार कर.”

काकूंनी पाकीट फोडलं. काकू पहिल्या आल्या होत्या. सोबत बाईंनी नव्या तुकडीचा प्रवेशअर्ज पाठवला होता, काकांच्या नावाने.