सम्यक चालला तेव्हा मी पलंगाखाली होतो

आमचा सम्यक वर्षाचा होऊन गेला तरी चालेना, तेव्हा त्याला मीच चालायला शिकवायचं, असं मी एका रविवारी चहा पिता पिता ठरवून टाकलं. (माझ्या बहुतेक फजित्या चहा पितानाच ठरतात.)

सम्यकची स्वतःची काही तक्रार नव्हती. पलंग धरून तो उभा राहायचा, घरभर नजर टाकायचा आणि समाधानाने खाली बसायचा. पण शेजारच्या निकिताची त्याच्याच वयाची पोरगी अंगणात कोंबड्यांमागे पळत होती, ते मला बघवेना.

माझी बायको उर्वशी अंगणवाडीच्या परीक्षेचा अभ्यास करते, त्यामुळे बालविकास तिला तोंडपाठ. "अहो, हरेक लेकराचा वेग अलग असते," ती म्हणाली. "काही अनुवंशातून येते, काही आजूबाजूच्या वातावरणातून."

"मंग अनुवंशच असंन," माझी आई, इंदूबाई, तूर निवडता निवडता बोलली. "हा रोशन तं दीड वर्षाचा होईस्तोर पोत्यासारखा बसूनच होता."

झालं! खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. आता वातावरणाने अनुवंशाला हरवणं भाग होतं. आणि वातावरण म्हणजे मी!

लेकरं बघून बघून शिकतात, हेही उर्वशीनंच सांगितलं होतं. म्हणून मी त्याच्यासमोर रांगलो, पलंग धरून उठलो, दोन पावलं टाकून धपकन बसलो आणि पुन्हा उठलो. (मी वणीला कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर क्लार्क आहे. बसण्याचा अनुभव दांडगा, उठण्याचा नाही.) सम्यक टीव्ही पाहावा तसा मला पाहत होता. कार्यक्रम आवडला असावा, कारण खुशीत त्याने हातातली वाटी पलंगाखाली भिरकावली.

मी वाटी काढायला आत शिरलो. ती हाताला लागली आणि कमरेत अशी उसण भरली, की पुढे सरकता येईना आणि मागेही येता येईना. डोकं भिंतीला, पाय बाहेर.

नेमके तेव्हाच मारेगावहून माझे सासरे मारोतराव आले.

"जवाईबापू कुठी हायेत?"

"पलंगाखाली," आई म्हणाली.

सासरे माझ्या पायांकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "काहून? मी येऊन राह्यलो म्हणून काय?"

"नाही जी बाबा!" मी आतून ओरडलो. "सम्यकले चालणं शिकवून राह्यलो!"

"असं झोपून?" सासऱ्यांचा आवाज गंभीर झाला. "उर्वशी, भांडणगिंडण झालं असंन तं सांग मले."

"बाबा, पहिले त्यायले ओढा!"

सासऱ्यांनी एक पाय धरला, उर्वशीने दुसरा. मी बोंबललो, "अरे बाप रे, कंबर गेली!" आणि तेवढ्यात दोघांनीही माझे पाय एकदम सोडून दिले.

"चालला! अहो, सम्यक चालला!"

बापाची ओढाताण बघून पोराला राहवलं नसावं. पलंग सोडून तो एकटाच डुलत डुलत माझ्या पायांपाशी आला आणि अंगठा धरून तोही ओढायला लागला. खोलीत टाळ्या वाजल्या, आई रडायला लागली, सासरे हसत सुटले. मला मात्र भिंत आणि कुलरचा जुना पंप एवढंच दिसत होतं.

"परत चालवा न त्याले! मी नाही पाह्यलं!"

"थांबा, व्हिडिओ काढून राह्यले," उर्वशी म्हणाली. (मला काढायचं नंतर आठवलं.)

संध्याकाळी कमरेला शेक घेत मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. डोळे भरून आले. त्याच भरात तो स्टेटसलाही ठेवला.

दुसऱ्या दिवशी काट्यावर लालसिंग ड्रायव्हर आला. "साहेब, पोरगं मस्त चालून राह्यलं. पण पलंगाखाली ते कोण अडकलं होतं?"

"आमचा शेजारी," मी म्हणालो.

"बिचारा! आवाज तं डिट्टो तुमचाच हाये."

त्याच्या पावतीवर मारायचा शिक्का पलीकडच्या टेबलावर होता. मी खुर्चीचे हात धरून उठलो, अर्ध्यातच वाकडा झालो आणि तसाच थांबलो. लालसिंगने हात पुढे केला.

"बोट धरा साहेब. एक एक पाऊल टाका, घाबरू नका."

टेबलापर्यंत पोचलो, तेव्हा काट्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.