गहाळ झाली म्हण

तावडेकाकांच्या तोंडून 'चोरी' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. घाटकोपरच्या आमच्या चाळीत नळावरून कुणाची बादली गेली, की काका गॅलरीतून सांगायचे, "गहाळ झाली म्हण रे."

उपनगरातल्या कुठल्याशा पोलीस ठाण्यात तक्रारी लिहून घेण्यात त्यांचा जन्म गेला. चोरीची तक्रार घेऊन कुणी आलं, की त्याला चहा पाजायचा, घरचं विचारायचं आणि 'वस्तू गहाळ' असं लिहून परत पाठवायचं, हे त्यांचं कसब. साहेबांचे आकडे नीट राहायचे. "गुन्हा केल्यानं वाढत नाही, मेल्या. लिहिल्यानं वाढतो," असं निवृत्तीनंतरही ते ऐटीत सांगत. पेपरात गुन्हे घटल्याची बातमी आली, की त्या दिवशी स्वारी खुशीत असायची.

मग गिरण्यांचा संप झाला आणि गिरणीत कामाला असलेला त्यांचा मुलगा सुरेश घरी बसला. काकांची ऐट गेली. "चोर काय आईच्या पोटातून येतो? भोंगा बंद झाला की तयार होतो," असं ते कुणी न विचारताच म्हणू लागले. सुरेशची उठबस नाक्यावरच्या टोळीत आहे, हे चाळीला ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

एका दुपारी माझा टेपरेकॉर्डर गेला. समोरच्या वहिनींनी सुरेशला तो नेताना पाहिलं होतं. मला काकांची फार दया आली. त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "काका, टेप गहाळ झाला. जाऊ दे."

काकांनी चपला घातल्या. "चल चौकीवर. चोरी लिहायची. नाव मी सांगतो."

"अहो, पोरगा आत जाईल."

"जाऊ दे ना. त्याच्या टोळीतल्या दोघांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. बाहेर राहिला तर याचाही नंबर लागेल. आत निदान जिवंत राहील."

चौकीतल्या तरुण हवालदारानं काकांना ओळखलं, अदबीनं चहा मागवला आणि 'गहाळ' लिहायला घेतलं. ही रीत त्याला काकांनीच शिकवलेली. काकांनी त्याच्यापुढे हात जोडले.

"चोरी लिही, बाबा. उपकार होतील."

सुरेशला शिक्षा झाली. चाळीत त्याचं नाव कुणी काढत नाही. मध्यंतरी नव्या भाडेकरूनं विचारलं, "काका, मुलगा कुठे असतो?"

"ठाण्याला, तुरुंगात," काका म्हणाले. "आहे. जागेवर आहे."