माधवभावजींची पॅशन

माझे दीर माधवभावजी यांच्यासमोर 'पॅशन' हा शब्द उच्चारू नये. लिफ्टमध्ये तर मुळीच नाही, कारण ते दार धरून ठेवतात.

परदेशातल्या माझ्या नातवंडांनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. 'फोटोग्राफी माझी पॅशन आहे' असं म्हणून तुमच्यातल्या तन्मयने एका रविवारी माझ्या वाट्याचा सगळा व्हिडिओ कॉल भावजींना बहाल केला होता.

भावजी आमच्याच कोथरूडच्या सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहतात. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. शेजारच्या केतकीने केकचा व्यवसाय सुरू केला आणि 'बेकिंग माझी पॅशन' अशी जाहिरात लिफ्टमध्ये चिकटवली. भावजींनी तिला तिथेच गाठलं.

"मुळाशी चला! शब्द लॅटिन. अर्थ सोसणं. आधी येशूने क्रुसावर सोसलं ते. मग अर्थ झाला राग, मग प्रेम, आणि आता तुमचा केक. तुम्ही काय सोसलंत?"

"काका, परवाच ओव्हनने हात भाजला."

भावजींनी चष्मा वर करून हात निरखला. "मग असू द्या जाहिरात."

त्यांची बायको नलू, म्हणजे माझी जाऊ, हल्ली विसरते. आधी चष्मा विसरायची, मग वार, आता माणसं. भावजींना ती 'सर' म्हणते. त्यावर भावजींचा उपाय शिक्षकाचाच: पाठांतर.

गेल्या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी होती. ओवाळून झालं की बायका नलूला नाव घ्यायला लावणार, हे उघड होतं. म्हणून भावजींनी स्वतःच उखाणा रचला आणि रोज सकाळी घोटून घेऊ लागले. मी इडल्या घेऊन खाली गेले, तेव्हा तास चालू होता.

"शेवटी नाव कुणाचं?"

"तुमचं, सर."

"काय नाव माझं?"

"सर."

"भावजी, राहू द्या," मी म्हटलं. "बायकांना मी आधीच सांगून ठेवते."

"नको, वहिनी. बाकी सगळं गेलं. माझं नाव तरी मी जाऊ देणार नाही."

पंचाहत्तरीच्या दिवशी नलू जरीची साडी नेसून पाटावर बसली. ताटलीत पेढा. खणखणीत आवाजात म्हणाली, "डिक्शनरीच्या पानोपानी शब्दांची रास..." आणि थांबली. भावजी ओठ हलवून नाव सुचवत होते. ती त्यांच्याकडे बघून गोड हसली. "अहो सर, तुमचं नाव काय हो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"रोज!" भावजी ओरडले. "रोज घोकून घेतोय! एक नाव लक्षात राहत नाही?"

नलूने मान खाली घातली आणि उजवा हात पुढे केला. तळवा वर. छडी खायला.

आम्ही कुणीच एकमेकांकडे पाहू शकलो नाही. केतकी आपल्या केककडे बघत राहिली. भावजींचा चेहरा असा पडला, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग ते हळूच तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले, आणि त्यांनी स्वतःचा हात तिच्यापुढे धरला. तळवा वर.

नलूने जरा विचार केला. ताटलीतला पेढा उचलला आणि त्या हातावर ठेवला.

पाहुणे गेल्यावर मी कपबशा विसळत होते. भावजी दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, लोकांना लिफ्टमध्ये अडवून सोसणं शिकवतो मी." मग ते चष्मा काढून पुसत राहिले. मी नळ चालूच ठेवला.

आता सकाळचा तास बंद आहे. संध्याकाळी मात्र गॅलरीत भावजीच नाव घेतात, आणि माझ्या गॅलरीत ते स्पष्ट ऐकू येतं. नलूला ते आता अहोजाहो करतात, नव्याने ओळख झालेल्या बाईंना करावं तसं.

"डिक्शनरीच्या पानोपानी शोधून शोधून दमलो, नलिनीचं नाव घेतो, इथेच येऊन थांबलो."

"छान आहे. पण ही नलिनी कोण?"

"आहे एक. तुमच्यासारखीच दिसते."

"नशीबवान आहे हो."

"छे! नवरा फार चिडका आहे तिचा."

"असू दे," नलू म्हणते. "पेढा दिला की शांत होतात तसले."